साडेसात लाख किलोमीटर धावलेले इंजिन: उघडावे की राखावे?

आपण कळविलेली हकिगत थोडक्यात अशी. गाडी २००९ सालची, दहाचाकी, तिला ५.९ लिटरचे सहा सिलिंडर कमिन्स टर्बो इंजिन, आणि मीटरवर ७ लाख ४० हजार किलोमीटर. वर्षातले सात-आठ महिने ती वणी-घुग्घुस पट्ट्यात कोळसा वाहते आणि कापसाच्या हंगामात जिनिंगमधून गाठी व सरकी. दर आठवड्याला ऑइल टाकावे लागते, ऑइल भरण्याच्या तोंडातून धूर येतो, एप्रिल लागला की टेंपरेचरचा काटा चढतो, आणि मिस्त्रीने "इंजिन बसलं, काम काढा" असे सांगून टाकले आहे. नियमित देखभालीवर हे इंजिन आणखी काही वर्षे चालेल काय, असा आपला प्रश्न आहे. मी याच भागात सव्वीस वर्षे डिझेल इंजिनांचे काम करीत आहे, आणि आपण दिलेल्या माहितीवरून इंजिन उघडण्याचा निर्णय आज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसा हे त्याचे एकच कारण नव्हे. आपल्या इंजिनात वेगळे लायनर, म्हणजे बदलता येणाऱ्या नळ्या, नसतात. पिस्टन थेट ब्लॉकमध्येच कोरलेल्या बोअरमध्ये चालतो. असा ब्लॉक एकदा बोअर केला, म्हणजे आतून कोरून मोठा केला, की ०.५ मिलिमीटर मोठे पिस्टन बसतात, दुसऱ्यांदा केला की १ मिलिमीटर मोठे, आणि त्यानंतर स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, ठोकण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणजे आपण ज्याला सहजपणे "काम काढणे" म्हणतो, त्यात मोजक्या संधींपैकी एक संधी खर्ची पडते. ती नेमक्या कारणासाठी पडावी, किलोमीटरचा आकडा मोठा दिसला म्हणून नव्हे.

"दर आठवड्याला ऑइल टाकावे लागते" एवढ्यावरून निदान होत नाही. किती लिटर आणि किती किलोमीटरला, हे ठाऊक असले पाहिजे. आपली भरलेली-रिकामी मिळून सरासरी लिटरला साडेचार किलोमीटर धरली तर १,००० किलोमीटरला सुमारे २२० लिटर डिझेल जळते. जुने इंजिन या डिझेलच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत, म्हणजे १,००० किलोमीटरला लिटर-सव्वा लिटर ऑइल खात असेल, तर मी त्याला आजारी म्हणत नाही. एक टक्क्याच्या पुढे गेले तर कारण शोधतो, आणि बोअर-पिस्टनवर बोट ठेवण्याआधी टर्बोचे सील, व्हॉल्व्हचे सील, सम्पचे (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याचे) गॅस्केट आणि क्रँकचे पुढचे-मागचे सील पाहतो, कारण गळणारे ऑइलसुद्धा मालकाच्या बोलण्यात "खाल्लेल्या" ऑइलमध्येच जमा होते. मोजणी मात्र एकाच सपाट जागी, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी व्हावी. वजनकाट्यावर रांगेत उभ्या असलेल्या, एका बाजूला कललेल्या गाडीची ऑइल मोजायची पट्टी पाहून क्लीनरने अर्धा डबा ओतायचा, ही पद्धत आधी बंद करावी. आणि न टाकताच पट्टीवरची पातळी वाढलेली दिसली तर गाडी जागेवरून हलवू नये. त्याचा अर्थ ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरत आहे, आणि तशा पातळ ऑइलवर एक खेपसुद्धा बेअरिंग खाऊन टाकते.

आता ऑइलच्या तोंडातून येणाऱ्या धुराविषयी, ज्याला आपल्याकडे इंजिन "बॅक मारते" असे म्हणतात. इंजिन गरम असताना, आयडलवर ठेवून, ऑइलचे झाकण उलटे करून तोंडावर नुसते टेकवावे. ते जागेवर थरथरत राहिले तर काळजीचे कारण नाही. उडून पडले तर क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, दाब आहे हे नक्की. पण तो दाब पिस्टनच्या रिंगांमधूनच येतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. प्रथम ब्रीदरचा, म्हणजे या पोकळीतली हवा बाहेर सोडणारा, पाइप खालून पाहावा. कोळसाखाणीच्या वाटेवर त्याच्या तोंडाशी ऑइल आणि भुकटी मिळून डांबरासारखा बोळा बसतो, आणि श्वास कोंडलेले निरोगी इंजिनही झाकण उडवते. त्यानंतर ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर पाहावा.

हा कॉम्प्रेसर मी चुकीतून शिकलो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मालकाची गाडी मी अशाच तक्रारीवरून उघडली, ब्लॉक चंद्रपूरहून बोअर करून आणला, नवे पिस्टन-रिंग बसवले, आणि गाडी सुरू केल्यावर झाकण पूर्वीसारखेच उडाले. कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजलेल्या होत्या. तो ब्रेकच्या टाकीसाठी दाबलेली हवा आपल्याच ऑइलच्या परतीच्या वाटेने इंजिनात ढकलत होता. मालक भला होता, त्याने मजुरीतून काही कापले नाही, परंतु तेव्हापासून मी इंजिन उघडण्यापूर्वी कॉम्प्रेसरचा बाहेर जाणारा पाइप सैल करून पाहतो. त्याने बॅक मारणे कमी झाले तर दोष तिथे आहे. हवेच्या टाकीचा ड्रेन उघडल्यावर पाण्यासोबत काळे ऑइल उडत असेल, तर ती दुसरी खूण. टर्बोचे सील गेले तरी हाच परिणाम होतो. या सगळ्यांची तपासणी अर्ध्या दिवसात होते आणि त्यासाठी इंजिनाचा एकही मुख्य नट फिरवावा लागत नाही.

ऑइलचा दाबही डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबून ठरवू नये. हातातले यांत्रिक गेज लावावे. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलवर किमान १० पौंड (दर चौरस इंचाला) आणि पूर्ण फेऱ्यांवर किमान ३० पौंड दाब मिळाला पाहिजे. मिळत असेल, तर ७ लाख ४० हजार किलोमीटरनंतरही क्रँक आणि बेअरिंग आपले काम करीत आहेत असे समजावे.

आपल्या भागातील इंजिने कशाने मरतात, असे मला विचाराल तर मी पहिले नाव धुळीचे घेईन. खाणीच्या रस्त्यावर कोळशाची, राजुरा-गडचांदूरकडे सिमेंटची, आणि शेतवाटेला काळ्या मातीची. यांतली माती सर्वांत वाईट, कारण तिच्यातली वाळूची बारीक कणी रिंग आणि बोअरच्या मध्ये पॉलिश पेपरसारखी काम करते. एअर क्लीनरचे आउटर आणि इनर असे दोन फिल्टर असतात, आणि दोहोंचा आपल्याकडे सारखाच छळ होतो. पंक्चरवाल्याकडे गाडी थांबली की क्लीनर आउटर काढतो, टायरच्या चाकावर दोनदा आपटतो आणि आठ-दहा बारच्या हवेचा झोत बाहेरून आत मारतो. आपटल्याने कडेचे रबर वाकते, झोताने कागदाला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात, आणि तो "साफ" झालेला फिल्टर जुन्या, धुळीने भरलेल्या फिल्टरपेक्षा इंजिनाला अधिक घातक ठरतो. धुळीने भरलेला फिल्टर निदान धूळ अडवतो. त्याची तक्रार एवढीच की हवा कमी पडते, ओढ कमी होते आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो.

हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर, दाब दोन बारपेक्षा कमी ठेवून, आणि नळी कागदापासून वीतभर दूर धरून मारावी. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत पेटलेला बल्ब सोडून बाहेरून पाहावे. कुठे चांदणी चमकली तर तो फिल्टर फेकून द्यावा. इनरला कधीही हवा मारू नये. तो धुण्याचा किंवा झटकण्याचा भाग नाही, आउटर फाटला तर इंजिन वाचवण्यासाठी ठेवलेला राखणदार आहे. आउटर दोन-तीनदा बदलला की इनर नवा घालावा. एअर क्लीनरच्या बुडाशी धूळ टाकणारी रबरी चोच असते, ती रोज सकाळी एकदा दाबावी; अनेक गाड्यांवर ती गळून पडलेली असते आणि कोणाच्या लक्षातही नसते.

यानंतरची परीक्षा मी प्रत्येक मालकाला स्वतः करायला लावतो. एअर क्लीनरपासून टर्बोकडे जाणारा रबरी होज टर्बोच्या तोंडाशी सैल करावा आणि त्याच्या आत पांढरे फडके गुंडाळलेले बोट फिरवावे. फडके स्वच्छ निघाले पाहिजे. त्यावर पिठासारखी तांबूस-काळी पूड आली, तर फिल्टर कितीही नवा असला तरी कुठून तरी न गाळलेली हवा आत जात आहे. बहुधा तो होजच खालच्या वळणावर तडकलेला असतो, किंवा क्लँपऐवजी बांधणीच्या तारेने आवळलेला असतो. ट्यूबचा तुकडा गुंडाळून तार पिळणे हा रस्त्यावरचा इलाज घरी पोहोचण्यापुरता ठीक आहे; तो मी तीन-तीन वर्षे टिकलेला पाहिला आहे, आणि त्या इंजिनांच्या रिंगाही पाहिल्या आहेत.

उष्णतेचा प्रश्न आपल्या दुहेरी धंद्याशी जोडलेला आहे, असा माझा दाट संशय आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. पंखा ते ओढून घेतो आणि ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) व रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत जाऊन बसतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते, मागून पंख्याच्या बाजूनेही स्वच्छ दिसते, आणि मध्ये मात्र रुईची गोधडी तयार झालेली असते. त्यावर कोळशाची भुकटी आणि ऑइलचा वाफारा बसला की ती नमद्यासारखी घट्ट होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते लपून जाते, आणि एप्रिलमध्ये, पारा ४२-४३ च्या पुढे गेला की काटा चढू लागतो. मग मालक वॉटर पंप बदलतो, हेड गॅस्केट बदलतो, शेवटी इंजिनावर खापर फोडतो. हंगाम संपल्यावर इंटरकूलरचे बोल्ट काढून तो पुढे झुकवावा, तंतू हाताने आणि मऊ ब्रशने ओढून काढावेत, आणि नंतर इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने साध्या नळाच्या दाबाने पाणी मारावे. वॉशिंग सेंटरच्या पंपाने पत्र्याच्या पापण्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. मागच्या वर्षी एका दहाचाकीच्या फटीतून निघालेली रुई मी पोत्यात भरली, ते पोते अर्ध्याच्या वर भरले होते.

आपल्या गाडीत थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याच्या उष्णतेनुसार उघडणारी झडप, आहे काय, हेही पाहावे. "विदर्भाच्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅट कशाला" असे म्हणून तो काढून फेकण्याची रीत आमच्याच धंद्याने रूढ केली, आणि ती चूक आहे. या इंजिनात थर्मोस्टॅट दोन वाटा सांभाळतो: थंड असताना रेडिएटरची वाट बंद आणि बायपासची (पाणी इंजिनातच फिरवणारी) उघडी, गरम झाल्यावर उलट. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न शिवताच पुन्हा इंजिनात फिरतो. म्हणजे भर उन्हात, चढावर, जेव्हा सगळे पाणी रेडिएटरमधून जायला हवे तेव्हाच ते जात नाही. उलट हिवाळ्यातल्या पहाटे इंजिन तासभर थंडच चालते, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि ते बोअरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते. थर्मोस्टॅट ठीक आहे की नाही हे घरीच कळते. तो दोरीने बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबता सोडावा, सोबत थर्मामीटर धरावा. ८२-८३ अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडला पाहिजे.

पाण्याबाबत बोलायचे तर बोअरवेलचे पाणी रेडिएटरमध्ये घालणे आजपासून थांबवावे. ज्या पाण्याने आपल्या घरच्या भांड्याला आतून पांढरा थर चढतो, तेच पाणी हेडच्या अरुंद वाटांमध्ये तसाच थर चढवते, आणि थोडासा क्षारही लोखंडातून पाण्यात जाणारी उष्णता अडवतो. एकदा यंत्रणा धुऊन घेऊन तयार कूलंट भरावे. वाटेत कमी पडले तर डिस्टिल्ड पाणी, आणि तेही नसेल तर कॅनचे आरओ पाणी चालवून घ्यावे. रेडिएटरचे झाकण हा शंभर-दोनशे रुपयांचा भाग लोक वर्षानुवर्षे बदलत नाहीत. शंभर अंशांना उकळणारे पाणी ०.७ बार दाबाखाली सुमारे ११५ अंशांना उकळते. झाकणाचे रबर मेले की ही पंधरा अंशांची सवलत संपते. उकळलेल्या गाडीत थंड पाणी ओतू नये, हे ड्रायव्हरला पुन्हा सांगावे. आयडलवर चालू ठेवून काटा उतरू द्यावा.

ऑइल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचे, पुस्तकात सांगितलेले तेच ठेवावे. खप कमी करण्यासाठी अधिक गाढे ऑइल घालण्याचा सल्ला आपल्याला मिळालाच असेल. त्याने काही दिवस पट्टी वर राहते, पण सकाळी सुरू केल्यावर टर्बोपर्यंत ऑइल उशिरा पोहोचते, आणि एका मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या त्या दांड्याला हा उशीर सोसत नाही.

ऑइल कधी बदलावे, हा प्रश्न कोळशाच्या गाडीला किलोमीटरने सोडवता येत नाही. हिशेब करून पाहा. गाडी दिवसाला १०० किलोमीटर चालते आणि लोडिंगच्या लाइनीत व वजनकाट्यावर मिळून पाच तास चालू अवस्थेत उभी राहते, असे धरू. एक तास आयडल म्हणजे साधारण ४० किलोमीटर, असा हिशेब आम्ही गॅरेजमध्ये धरतो. मग महिन्याच्या २५ दिवसांत मीटर २,५०० दाखवते, पण इंजिन ७,५०० किलोमीटर जगलेले असते. पुस्तकात ऑइल बदलण्याची मुदत समजा १८,००० लिहिली असेल, तर मीटरवर विसंबून ते सात महिने राहील, आणि खरे पाहता ते अडीच महिन्यांत बदलायला हवे होते. शिवाय उभ्या गाडीने दिवसाला आठ-दहा लिटर डिझेल जाळले, ते वेगळेच. लाइन हलत नसेल तर इंजिन बंद करावे. बॅटरी आणि सेल्फ नीट ठेवले की ड्रायव्हरची "पुन्हा सुरू झाली नाही तर" ही भीती जाते, आणि तो स्वतःच बंद करू लागतो.

जुना ऑइल फिल्टर भंगारात टाकू नये. त्याचा पत्रा कापावा, आतला कागद सुरीने सोडवून उन्हात पसरावा आणि घड्या एकेक उघडून पाहाव्यात. काळा गाळ असतोच. त्यात चमकणारे कण दिसले तर त्यावरून चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारी बारीक पूड बोअर-रिंगची किंवा गिअरची. न चिकटणारे, चपटे, राखाडी किंवा तांबूस पापुद्रे बेअरिंगचे. पापुद्रे दिसले तर सम्प उतरवून खालूनच बेअरिंग पाहता येतात आणि बदलताही येतात. त्यासाठी हेड किंवा पिस्टनला हात लावावा लागत नाही. वेळेवर बदललेला बेअरिंगचा संच क्रँक ग्राइंडिंगचा खर्च वाचवतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची मोकळी फट, थंड इंजिनावर सेट करावेत, इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर. ढिले टॅपेट निदान आवाज करते. जास्त आवळलेल्या टॅपेटचा व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही आणि तो जळतो, म्हणून "आवाज बंद करा" या मालकाच्या आग्रहापुढे मिस्त्रीने झुकू नये. डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी पावसाळ्यात रोज काढावे आणि टाकी शक्यतो संध्याकाळी भरावी, म्हणजे रात्रीच्या ओलाव्याचे पाणी आत धरत नाही. क्रँकच्या पुढच्या टोकावरची, त्याचे हादरे शोषणारी डँपर पुली कोणी पाहतच नाही. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यावरच्या खुणा एका रेषेत असाव्यात. त्या दीड मिलिमीटरपेक्षा जास्त सरकल्या असतील किंवा मधले रबर फुगून बाहेर आले असेल तर पुली बदलावी, कारण मेलेल्या डँपरवर चालणारा क्रँक एक दिवस न सांगता तुटतो.

ड्रायव्हरकडून दोनच गोष्टींची अपेक्षा ठेवावी: सकाळी ऑइलचा दाब येईपर्यंत अॅक्सिलरेटर दाबू नये, आणि भरल्या गाडीने चढ ओढून आल्यावर दोन-तीन मिनिटे आयडलवर ठेवूनच किल्ली फिरवावी. तिसरी गोष्ट आपली स्वतःची आहे. कॅबिनमध्ये शंभर पानी वही ठेवावी आणि तिच्यात तारीख, मीटर, उभी राहिलेले तास, टाकलेले ऑइल, टाकलेले पाणी आणि भरलेले डिझेल लिहावे. ड्रायव्हरला लिहिण्याचा कंटाळा असेल तर त्याने फोनवर बोलून सांगावे आणि आपण लिहावे.

ही वही तीन महिने चालवावी, तोवर होज, फिल्टर, ब्रीदर, कॉम्प्रेसर, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट यांची कामे उरकावीत. त्यानंतरही ऑइल एक टक्क्याच्या वर जात असेल, सायलेन्सरचा धूर गरम इंजिनावर निळा असेल, कॉम्प्रेसर वेगळा करूनही झाकण उडत असेल आणि सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ घेत असेल, तर इंजिन उघडायला माझी हरकत नाही. तेव्हा मात्र पावसाळ्याच्या तोंडाशी, धंदा मंद असताना उघडावे, बोअर डायल गेजने मोजून त्याचे आकडे मिस्त्रीकडून वहीत लिहून घ्यावेत, आणि ब्लॉक नागपूरला किंवा चंद्रपूरला बोअरिंगला पाठविण्यापूर्वी मला ते आकडे कळवावेत.